शिक्षकाच्या स्वतंत्र लेखनाचा आरंभ

प्राथमिक शाळेतील शिक्षकाच्या हातून वर्षभरात जेवढे लेखन होते, तेवढे खेड्यातील दुसऱ्या कोणाच्याही हातून क्वचितच होत असेल. हजेरीपट, जनरल रजिस्टर, पाठटाचणे, शालेय पोषण आहाराचा हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेचे इतिवृत्त, केंद्रप्रमुखांकडे पाठवावयाची निरनिराळी पत्रके, अशी ही यादी पुष्कळ लांबविता येईल. ह्या सर्व लेखनाचा एक समान गुण असा की, त्याला रकाना असतो. रकाना भरला म्हणजे लेखन संपले. ते वाचणारा मनुष्य आकडा किंवा तारीख शोधण्यासाठी ते उघडतो आणि सापडताच मिटून ठेवतो. त्यात उणे काही नाही. कार्यालयीन लेखन तसेच असावे लागते. परंतु दहा-वीस वर्षे हात केवळ रकाने भरीत राहिला, तर तो दुसरे काही लिहावयास बिचकू लागतो. ‘माझे गाव’ ह्या विषयावर निबंध लिहा, असे दर वर्षी मुलांना सांगणाऱ्या शिक्षकाने स्वतः आपल्या गावाविषयी एक पानही लिहिलेले नसते. निबंधाच्या वह्या तपासताना तो ऱ्हस्वदीर्घाच्या खुणा अचूक करतो. मात्र मुलाची लेखणी कोठे अडली आणि का अडली, हे त्याच्या ध्यानात येत नाही, कारण त्या ठिकाणी त्याची स्वतःची लेखणी कधी अडलेली नसते.

येथे ‘स्वतंत्र लेखन’ हा शब्द मर्यादित अर्थाने घेतला आहे. दिवाळी अंकासाठी एखादी कथा किंवा स्नेहसंमेलनासाठी एखादे स्वागतगीत लिहिणे, हे त्याहून निराळे. कोणी मागितलेले नाही, वरिष्ठांनी आज्ञा केलेली नाही, परंतु लेखकाने स्वतःच नेमलेल्या वारी, स्वतः निवडलेल्या विषयावर, थोड्या पण ठरलेल्या वाचकांपुढे सातत्याने ठेवलेले छोटे लेखन, एवढाच येथे अभिप्राय आहे. अशा लेखनास आरंभ करू इच्छिणाऱ्या शिक्षकास पहिली अडचण वाटते ती अधिकाराची. ‘लिहिणारा मी कोण?’ हा प्रश्न त्याच्या मनात असतो. पुस्तक नावावर नाही, संपादकाची ओळख नाही, पुण्यामुंबईचा वास नाही. मराठी गद्याचा इतिहास पाहिला तर ही अडचण खरी नाही असे दिसून येते.

विष्णुशास्त्री चिपळूणकर ह्यांनी ‘निबंधमाला’ हे मासिक १८७४ च्या जानेवारीत सुरू केले, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते आणि त्यांचा व्यवसाय शाळेत शिकविण्याचा होता. ते १८७२ मध्ये बी. ए. झाले होते. वडील कृष्णशास्त्री ह्यांच्याशी निगडित असलेल्या ‘शालापत्रक’ ह्या शिक्षणविषयक मासिकाचे काम त्यांनी विद्यार्थिदशेपासून पाहिले होते. म्हणजे त्यांचा हात घडला तो शिक्षकांसाठी निघणाऱ्या एका साध्या मासिकात. पुढे स्वतःचे मासिक काढताना त्यांनी नामवंत लेखकांचे लेख मागविण्याची वाट पाहिली नाही. निबंधमालेतील जवळजवळ सर्व मजकूर त्यांनी एकट्याने लिहिला. पहिल्याच अंकात मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीचा विचार आहे. त्यानंतर वाचन, वक्तृत्व, इतिहास, भाषांतर, लेखनशुद्धी, इंग्रज ग्रंथकार जॉन्सन ह्याचे चरित्र, असे विषय येत गेले. एक शिक्षक ज्या गोष्टींचा रोज वर्गात विचार करतो, त्यांतूनच हे बहुतेक विषय निघाले आहेत हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मध्यंतरी त्यांची बदली पुण्याहून रत्नागिरीस झाली. बदली म्हणजे काय, हे जिल्हा परिषदेच्या शिक्षकास समजावून सांगावयास नको. त्या काळी रत्नागिरीहून पुण्याशी संबंध राखून मासिक चालविणे सोपे नव्हते. तरी माला तुटली नाही. १८७९ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि १८८० मध्ये टिळक प्रभृतींसह न्यू इंग्लिश स्कूल काढले. १८८१ पर्यंत निबंधमालेचे ८४ अंक निघाले होते. १८८२ च्या मार्च महिन्यात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते वारले. ८४ अंक म्हणजे बारा महिन्यांची सात वर्षे. त्यांतील प्रत्येक अंक सारखाच सरस आहे असे कोणीही म्हणणार नाही. काही निबंध पाल्हाळाने लांबले आहेत, काहींत युक्तिवादापेक्षा उपरोध अधिक आहे. परंतु मराठी गद्याला त्यांनी जी धार आणली ती एखाद्या उत्तम निबंधाने आलेली नाही. महिन्यामागून महिना त्याच एका हाताने लिहीत राहिल्यामुळे ती आली. पहिल्या अंकाची वाक्ये आणि नंतरच्या अंकांची वाक्ये शेजारी ठेवून वाचणाऱ्यास हे पटेल.

अधिकाराच्या प्रश्नाचे दुसरे उत्तर त्याहूनही पंचवीस वर्षे आधीचे आहे. भाऊ महाजन ह्यांच्या ‘प्रभाकर’ ह्या मुंबईच्या साप्ताहिकात १८४८ पासून एका अज्ञात लेखकाची पत्रे येऊ लागली. सही होती ‘लोकहितवादी’. लेखक होते गोपाळ हरी देशमुख, सरकारी नोकरीतील पंचवीस वर्षांचे गृहस्थ. सुमारे दोन वर्षांत त्यांची १०८ पत्रे प्रसिद्ध झाली. म्हणजे सरासरी पाहता जवळजवळ आठवड्यास एक. ‘शतपत्रे’ ह्या नावाने ती पुढे प्रसिद्ध पावली. ह्या पत्रांचा आटोपशीरपणा नवशिक्या लेखकाने विशेष पाहावा. बहुतेक पत्र एकाच मुद्द्यास धरून चालते. एका पत्रात ब्राह्मणांच्या निरर्थक पाठांतराविषयी, दुसऱ्यात विधवांच्या दुःस्थितीविषयी, तिसऱ्यात ग्रंथसंग्रहाच्या आवश्यकतेविषयी. सारा समाज एकाच लेखात सुधारण्याचा त्यांनी आग्रह धरला नाही, आणि म्हणूनच शंभराहून अधिक वेळा लिहावयास त्यांच्यापाशी काही उरले.

काय लिहावे, हा प्रश्न ह्यानंतर येतो. आणि बहुतेक शिक्षकांची फसगत येथेच होते. लेखणी हाती घेताच ‘शिक्षणाचे महत्त्व’, ‘शिस्त’, ‘राष्ट्रनिर्मितीत शिक्षकाचे स्थान’ असे विषय सुचतात. हे विषय वाईट नाहीत. पण त्यांवर लिहावयास खेड्यात राहण्याची आवश्यकता नाही. जे ग्रंथालयात बसून लिहिता येते, ते ग्रंथालयाजवळ राहणारा अधिक चांगले लिहील. खेड्यातील शिक्षकाचे बळ निराळे आहे. त्याला जे दिसते ते दुसऱ्या कोणास दिसत नाही.

ह्याचे एक जुने उदाहरण प्रत्येक शिक्षकास ठाऊक असावयास हवे. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे ह्या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ ह्या नियतकालिकात छापला गेला. तीच काय ती तिची विद्वत्ता: दोन-तीन वर्षांचे शाळेतील शिक्षण. परंतु आपल्या जातीतील स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसते, हे तिने लिहिले. तत्कालीन पुण्यात शास्त्री-पंडितांची वाण नव्हती. त्यांच्यापैकी कोणालाही हे वाक्य लिहिता आले नसते. लिहावे असे सुचलेही नसते. विष्णुशास्त्र्यांचा गौरव करताना हेही सांगणे प्राप्त आहे की, जोतीरावांच्या लेखनाचा त्यांनी जो उपहास केला तो भाषेतील दोषांवरच अडखळला, आणि त्या लेखनात जे दुःख होते त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. शुद्ध मराठी आणि खरे मराठी ह्यांत निवड करण्याची वेळ आली, तर नवशिक्या लेखकाने खऱ्याची बाजू घ्यावी. शुद्धी मागाहून आणता येते.

गावाविषयी लिहावयाचे म्हणजे गावाची स्तुती लिहावयाची असे नाही. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांचा ‘गावगाडा’ हा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कुणबी, बलुतेदार, वतने, बाजार, यात्रा, सावकारी, भटक्या जमाती ह्यांचा व्यवहार प्रत्यक्ष कसा चालतो, कोणास काय मिळते आणि कोण नाडला जातो, हे त्यात बारकाईने दिले आहे. ग्रामीण महाराष्ट्राचा अभ्यास करणारे आजही तो ग्रंथ उघडतात, ह्याचे कारण त्यातील मते नव्हेत. त्यांतील कित्येक आज मान्य होणार नाहीत. कारण आहे ते तपशिलाचे.

असा तपशील आजही प्रत्येक गावी पडून आहे, आणि तो नाहीसा होण्याचा वेग मोठा आहे. विहिरीवर विजेचे पंप आले आणि मोट गेली. मोटेबरोबर नाडा गेला, सोंदूर गेली, बैल उतरत ती धाव गेली, पाणी पडे ते थारोळे गेले. वस्तू गेल्याचे दुःख करण्याचे कारण नाही. बैलांचे आणि माणसांचे कष्ट वाचले. परंतु हे शब्द उच्चारणारी माणसे अजून गावात आहेत तोवर, थारोळ्यावर पाणी पडताना कसा आवाज होई आणि मोट हाकताना कोणते गाणे म्हटले जाई, हे विचारून लिहून घेणारा मनुष्य गावात हवा. बाहेरचा संशोधक येतो तो चार दिवस राहतो. शिक्षक तेथे रोज असतो, आणि त्याच्या वर्गात त्या माणसांची नातवंडे बसलेली असतात. शेतांची नावे, ओढ्यांची नावे, दशमान पद्धती येण्यापूर्वीची पायली-अधोलीची मापे, घरी एक आणि पुस्तकात दुसराच असणारा शब्द, पहिलीत आलेले मूल पहिल्या आठवड्यात कोणत्या अक्षरापाशी अडते, उपस्थिती कोणत्या महिन्यात आणि का घसरते. ह्यांपैकी प्रत्येक विषय एका छोट्या लेखास पुरेसा आहे. नव्या लेखकाने वहीच्या शेवटच्या पानावर असे दहा विषय आधी लिहून काढावेत. दहा निघाले नाहीत, तर विषय फार मोठे धरले जात आहेत असे समजावे.

विषय सापडला तरी लेखन आपोआप नीट होत नाही. ह्यासाठी एक नमुना पाहू जाता बरे. उदाहरणादाखल, सुगीच्या दिवसांतील गैरहजेरी हा विषय घेतला आहे असे समजावे. पहिला मसुदा बहुधा पुढीलप्रमाणे उतरतो:

‘शिक्षण हे समाजाच्या प्रगतीचे प्रभावी साधन आहे. आजच्या स्पर्धेच्या युगात प्रत्येक बालकाने शाळेत नियमित उपस्थित राहणे ही काळाची गरज आहे. परंतु ग्रामीण भागातील अज्ञान व दारिद्र्य ह्यांमुळे पालक ह्या बाबीकडे दुर्लक्ष करतात, ही खेदाची गोष्ट होय.’

ह्यात व्याकरणाची चूक नाही. पण ते कोणत्या गावी, कोणत्या वर्षी, कोणत्या शाळेत लिहिले गेले हे सांगता येणार नाही. लेखकाचे डोळे मिटलेले आहेत. शिवाय ज्या पालकांनी ते वाचावे अशी अपेक्षा, त्यांनाच अज्ञानी म्हणून मोकळे केले आहे. आता तोच विषय हजेरीपट समोर ठेवून लिहिला तर:

‘दिवाळीच्या सुट्टीनंतर चौथीच्या वर्गात एकतीस मुलांपैकी एकोणीस आली. न आलेल्या बारांपैकी पाच आईबापांबरोबर ऊसतोडीस गेली आहेत; ती आता उन्हाळ्याच्या तोंडी परततील. तिघे कापूस वेचण्यास जातात. उरलेल्या चार मुली कोठेही गेलेल्या नाहीत. त्या घरीच आहेत. आई वेचणीस गेली की पाळण्यातील भावंडाजवळ कोणी तरी बसावे लागते. त्यांपैकी एक दुपारी पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून पाढे म्हणते, असे तिच्या शेजारणीने सांगितले.’

दुसऱ्या मसुद्यात ‘काळाची गरज’ नाही, ‘खेदाची गोष्ट’ नाही. तरी वाचणाऱ्याला खेद होतो, आणि तेवढ्यावर न थांबता, पाळण्यासह त्या मुलीला शाळेत बसविता येईल काय, वेचणीच्या महिन्यात अंगणवाडीची मदत घेता येईल काय, असे प्रश्न त्याच्या मनात उभे राहतात. बारा मुले एकाच कारणाने गैरहजर नव्हती, हे मुळात शिक्षकाला स्वतःलाही लिहिताना प्रथमच स्पष्ट झाले असेल. हजेरीपटात ती बाराही एकाच खुणेने गैरहजर होती.

असे लेखन जमविण्याचा उपाय अगदी साधा आहे. पहिला मसुदा लिहून झाला की त्याचा पहिला परिच्छेद झाकून उरलेले वाचावे. बहुतेक वेळा लेख दुसऱ्या परिच्छेदापासूनच सुरू होतो असे आढळते. पहिला परिच्छेद म्हणजे लेखकाने घसा साफ केलेला असतो. तो काढून टाकावा. त्यानंतर लेख मोठ्याने वाचावा. जेथे श्वास अपुरा पडतो तेथे वाक्य तोडावे. वर्गात वाचनपाठ घेणाऱ्यास ही कसोटी सहज साधते. लेखनशुद्धीकडे वळावयाचे ते सर्वांत शेवटी. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये त्यांस जोडलेले चार, असे अठरा नियम शिक्षकाच्या परिचयाचे असतातच. ते पहिल्या मसुद्याच्या वेळी शेजारी ठेवू नयेत, एवढेच.

लेखाची लांबी वहीच्या दोन पानांहून अधिक नसावी. आरंभी तर एक पान पुरे.

किती दिवसांनी लिहावे, ह्याविषयी उत्साहाच्या भरात केलेले निश्चय टिकत नाहीत. रोज लिहीन असे म्हणणारा दुसऱ्या आठवड्यात थांबतो. जमेल तेव्हा लिहीन असे म्हणणाऱ्याला कधीच जमत नाही. खेड्यातील शिक्षकास पंधरवडा सोयीचा पडतो. परीक्षा, निवडणुकीचे काम, सर्वेक्षणे ह्यांतूनही पंधरा दिवसांत दोन तास निघू शकतात. वार मात्र ठरलेला असावा, आणि तो शक्यतो गावाच्या लयीशी जुळवून घ्यावा. ज्या गावी मंगळवारचा बाजार असतो, तेथे सोमवारी सायंकाळी लावलेले लेखन मंगळवारी आसपासच्या वाड्यांतील माणसेही पाहून जातात.

आणखी एक दक्षता घ्यावी. पहिला लेख तयार होताच तो बाहेर काढण्याचा मोह होतो. तसे न करता चार लेख तयार होईपर्यंत थांबावे आणि मग पहिला प्रसिद्ध करावा. हाताशी तीन राहतात. एखाद्या पंधरवड्यात आजारपण आले, घरी लग्नकार्य निघाले, किंवा काही सुचलेच नाही, तर त्या तीनांपैकी एक पुढे करता येतो. ह्या शिल्लकेच्या अभावी कितीतरी हस्तलिखिते आणि भित्तिपत्रके तिसऱ्या-चौथ्या अंकापाशी थांबली. दोष उत्साहाचा नव्हता. कोठीत धान्य नव्हते.

आता वाचक. लेखन कोणापर्यंत न्यावयाचे आहे हे ठरल्यावाचून लेखनाची भाषा ठरत नाही. ‘सर्व समाज’ हा वाचक नव्हे. शेजारच्या वाडीवरील एकशिक्षकी शाळेतील शिक्षक हा वाचक आहे. चौथीनंतर शाळा सुटलेली आणि आता मुलीचा अभ्यास घेणारी आई ही वाचक आहे. अशी एक व्यक्ती डोळ्यांपुढे धरून लिहिल्यास कोणता शब्द उलगडून सांगावा आणि कोणता तसाच ठेवावा हे आपोआप कळते.

साने गुरुजींचे उदाहरण येथे मोलाचे आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते १९२४ ते १९३० ह्या काळात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. छात्रालयातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहिलेले दैनिक काढीत. छापखाना नाही, वर्गणीदार नाहीत, वाचक तेवढेच: एका छपराखाली राहणारी मुले. त्यातूनच पुढे १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ हे मासिक निघाले. ‘श्यामची आई’ हे पुस्तक त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले, ह्याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. त्या पाच दिवसांच्या मागे मुलांना गोष्टी सांगण्याची आणि त्यांच्यासाठी रोज लिहिण्याची कित्येक वर्षे होती, हे ध्यानात घेतले तर आश्चर्य काहीसे ओसरते आणि आदर वाढतो.

लेखन मांडावयाचे कोठे, हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. शाळेच्या ओट्यावरील भिंत, ग्रामपंचायतीचा फलक, केंद्रातील शाळांत फिरणारे हस्तलिखित, केंद्राच्या शिक्षण परिषदेत वाचून दाखविलेला लेख, पुढे जिल्ह्याच्या वृत्तपत्राची पुरवणी, किंवा भ्रमणध्वनीवरून परिचितांस पाठविलेले पान. ह्यांपैकी जे जवळ असेल ते घ्यावे. भिंतीवर लावावयाचे असल्यास अक्षर दोन हातांवरून वाचता येईल एवढे असावे, आणि कागद डोळ्यांच्या उंचीवर लागावा. मोठ्यांच्या उंचीवर लावलेले भित्तिपत्रक मुले मान वर करून पाहतात आणि निघून जातात, ही अगदी क्षुल्लक दिसणारी गोष्ट अनेक ठिकाणी दुर्लक्षिली जाते.

नाव घालावे की घालू नये? लोकहितवादींनी टोपणनाव घेतले ह्याला कारणे होती: ते सरकारी सेवक होते, आणि स्वतःच्याच समाजाच्या रूढींवर टीका करीत होते. परंतु खेड्यात टोपणनाव एका आठवड्याहून अधिक टिकत नाही. अक्षरावरूनच लेखक ओळखला जातो. तेव्हा नाव घालून, जबाबदारीने लिहिणे हेच श्रेयस्कर. जिल्हा परिषदेच्या सेवकांस १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत. वृत्तपत्राकडे लेख पाठविण्यापूर्वी प्रसिद्धीसंबंधीचा भाग त्यांतून प्रत्यक्ष वाचून घ्यावा. ऐकीव माहितीवर भिऊ नये आणि ऐकीव माहितीवर धीटही होऊ नये. शंका असल्यास गट शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करावी.

नियमांपेक्षा नाजूक गोष्ट आहे ती मुलांची आणि त्यांच्या घरांची. वर दिलेल्या नमुन्यात पाळण्याची दोरी पायाला बांधणाऱ्या मुलीचे नाव नाही, आणि ते नसलेच पाहिजे. तथापि केवळ नाव गाळणे पुरत नाही. साठ उंबऱ्यांच्या गावात ‘एक विधवा’ किंवा ‘एका धनगराचा मुलगा’ एवढ्याने सर्वांना सर्व कळते. ज्या घराची गोष्ट लिहावयाची, त्या घरी आधी जाऊन ती वाचून दाखवावी. नको म्हणाले तर लिहू नये. हो म्हणाले तर पुष्कळदा त्याच वेळी, ‘गुरुजी, हे असे नव्हे, ते तसे होते,’ म्हणून जी दुरुस्ती मिळते ती लेखातील सर्वांत उत्तम ओळ ठरते.

वाचकांकडून प्रतिक्रिया येतील, आणि त्यांतील पहिली प्रतिक्रिया बहुधा चूक दाखविणारी असेल. ओढ्याचे नाव चुकले, अमक्या पाटलाचे साल चुकले, असे कोणी तरी सांगेल. ह्यात अपमान मानू नये. पुढच्या लेखाच्या खाली ‘दुरुस्ती’ म्हणून दोन ओळी सन्मानाने द्याव्यात. ज्या भिंतीवर दुरुस्ती छापली जाते त्या भिंतीवर गाव विश्वास ठेवते, आणि मग सांगण्यासारखे असलेली म्हातारी माणसे आपण होऊन ओट्यावर येऊन बसतात. ह्याउलट, लेखास कोणीच काही म्हणाले नाही असेही होईल. आरंभीचे तीन-चार महिने तर बहुधा असेच जातात. वाचणारे वाचीत असतात, पण लेखकास येऊन सांगण्याची रीत आपल्याकडे नाही. एखाद्या पंधरवड्यात लेख लागला नाही आणि कोणी तरी वाटेत थांबवून ‘ह्या वेळी कागद नाही का लावला?’ असे विचारले, तर वाचक तयार झाला असे समजण्यास हरकत नाही.

राहता राहिली एक व्यवहाराची गोष्ट. भिंतीवरील कागद पावसाने जातो, मुलांच्या हाताने फाटतो. भ्रमणध्वनीवरील मजकूर यंत्राबरोबर नाहीसा होतो. म्हणून प्रत्येक लेखाची एक प्रत जाड कागदावर निराळी करावी. वर लेखाचा अनुक्रमांक, तारीख, गावाचे नाव आणि माहिती कोणी सांगितली त्यांचे नाव (त्यांची संमती असल्यास) घालावे. वर्षअखेर चोवीस लेख एकत्र शिवून, वर पुठ्ठा घालून शाळेच्या ग्रंथालयात ठेवावेत आणि ग्रंथालयाच्या नोंदवहीत त्यांस रीतसर क्रमांक द्यावा. शिक्षकाची बदली झाली तर कार्यभार सोपविण्याच्या यादीत ह्या बाडाचाही उल्लेख करावा, म्हणजे नव्या येणाऱ्या शिक्षकास पंचविसावा लेख कोठून सुरू करावयाचा हे कळेल.